थ्री फेज आली की

रोहिणीनं फोन उचलला आणि पलीकडून आधी ऐकू आला तो कुणाच्या तरी मुस्काटात बसल्याचा आवाज. त्यामागून तिच्या भावाचा.

"ताई, मशीन उठंना," एवढंच संदेश बोलला. मग गिऱ्हाइकानं, रणजितनं, फोन हिसकावून घेतला.

"दुकान तुजं हाय ना? मग तूच ये," रणजित म्हणाला. "पिंपळीला, पॉलीहाऊसवर. मशीन चालू कर आन् भाऊ घिऊन जा. पोलिसात गेलीस तर त्याला पोत्यात भरून न्यावा लागंल."

बारामतीत एसटी स्टँडमागच्या गल्लीत ही दोघं बहीणभावंडं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत. आईबाप गेल्यावर रोहिणीनंच संदेशला वाढवला होता. शाळेत एका मास्तरांनी त्याला विनाकारण बडवला, तेव्हा ही फ्रॉकच्या वयातली पोरगी जाऊन मास्तरांच्या दारात उभी राहिली होती आणि ते बाहेर येईपर्यंत हलली नव्हती. आता तो लग्नाला आला होता, पण तिच्या लेखी अजून तेवढाच होता. तिनं स्क्रूड्रायव्हरचा डबा, पेनड्राइव्ह आणि मूठभर सुटे भाग पिशवीत कोंबले आणि दुकानाची जुनी व्हॅन इंदापूर रोडला काढली.

रणजितला गावात रागीट म्हणत. रागीट कसला डोंबलाचा! खरा रागीट माणूस कुणावरही भडकतो. ह्याचा राग आधी समोरचा माणूस बघायचा आणि मगच यायचा. बँकेचा साहेब, कारखान्याचा संचालक, तालमीतला एखादा दांडगा गडी समोर असला की हा लोण्याहून मऊ. मजूर, बायको किंवा दुरुस्तीवाला दिसला की लगेच ह्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्याच्या पॉलीहाऊसात रंगीत ढोबळी मिरची होती. ऊन मी म्हणत होतं, आणि असल्या उन्हात आतले फॉगर थोड्या थोड्या वेळानं पाण्याचं धुकं सोडत राहिले तरच झाडं तग धरतात. हे काम एक जुनाट कॉम्प्युटर बघायचा. फॉगर चालवणारा प्रोग्रॅम नवा आला आणि त्याला नवी विंडोज लागू लागली. संदेश म्हणाला होता, दादा, हे मशीन म्हातारं झालंय, दुसरं घ्या. रणजित म्हणाला, "हाय त्याच्यावरच टाक." म्हणून संदेश सकाळी नवी विंडोज टाकायला गेला होता.

रोहिणी पोचली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. रणजित अंगणात उभा होता आणि त्याच्या हातात ठिबकच्या काळ्या नळीचा हातभर तुकडा होता.

"आदी भाऊ दाखवा," ती म्हणाली.

त्यानं औषधांच्या खोलीकडं बोट केलं. दाराला कुलूप होतं. खिडकीच्या गजांतून तिनं पाहिलं. संदेश खताच्या पोत्याला टेकून बसला होता. एक डोळा मिटला होता, ओठ फाटून रक्त हनुवटीवर वाळलं होतं, आणि उजवा हात त्यानं काखेत दाबून धरला होता.

"ताई, मी फकस्त जेवायला उठलो," तो म्हणाला. "वैनींनी ताट वाढलं. मशीनचं काम चालूच हुतं, त्याला तास-दीड तास लागतोच. आलो तर निळा पडदा. मी काय केलं न्हाय गं."

"हात दाखव."

त्यानं हात काढला. करंगळी भलत्याच दिशेला वळली होती. रोहिणीच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि ते रडू नव्हतं. त्या क्षणी हातात काही असतं तर तिनं रणजितचं डोकं फोडलं असतं.

"ही सुरवात हाय," रणजित मागून म्हणाला. "मशीन चालू झालं तर ह्याचा जीव वाचला. पर ज्या हातानं बिघडवलं, त्यो हात हितंच मोडून ठेवणार. शब्द म्हंजी शब्द."

कॉम्प्युटरच्या खोलीत कॉटवर रणजितची आई रंगूबाई लसूण सोलत बसली होती. बाहेर माणूस मार खात होता तेव्हाही ती लसूणच सोलत असावी, कारण टोपलीत ढीग झाला होता. कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या लाकडी बोर्डाला जोडलेला होता. वीज गेल्यावर मशीन सांभाळणारा यूपीएस केव्हाच मेला होता आणि त्याच्यावर आता देवाच्या उदबत्त्यांचा पुडा होता.

रोहिणीनं मशीन चालू केलं. चिन्ह आलं, ठिपके गोल गोल फिरले, निळा पडदा पडला, आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं. पुन्हा ठिपके, पुन्हा निळा पडदा. तिनं मागची सगळी जोडणी काढली, फक्त विजेची वायर, कीबोर्ड आणि पडदा ठेवला. तेच. कॅबिनेटची पत्र्याची बाजू उघडून बाजूला टेकवली, मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासून बसवली. तेच. पेनड्राइव्हवरून डिस्क तपासली, तर डिस्क ठणठणीत. मग उठत का नाही मेलं?

प्रत्येक निळ्या पडद्याला रणजित नळी टेबलावर हाणत होता. पुढच्या खेपेला ती टेबलावर पडली नाही, रोहिणीच्या खांद्यावर पडली.

ती वळली आणि त्याच्याकडं बघत म्हणाली, "मारत बसा मग. मी हात लावत न्हाय. सकाळी मिरच्यांची सरपणाला रास लावा."

रणजित शिव्या देत बाहेर गेला. बाहेरून औषधांच्या खोलीचं दार लाथेनं वाजलं. ही लाथ दारावरच बसली, एवढाच तिला दिलासा.

खांद्याला आग लागली होती. दात आवळून तिनं विंडोजच्याही आधीचं पान उघडलं, जिथं मशीन स्वतःची ओळख जपून ठेवतं. आणि तिथली तारीख बघून ती थबकली. पानावर एक जानेवारी होती, पंधरा वर्षांमागची.

म्हणजे आतली गोल बॅटरी मेलेली. ती मेली तरी एरवी काही अडत नाही. बोर्डाचं बटण चालू असेपर्यंत मशीनला थोडी वीज पोचत राहते आणि सगळं ध्यानात राहतं. पण बटणच बंद केलं की ते सगळं विसरतं. तारीख विसरतं, आणि डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं तेही. अर्धवट बसलेली नवी विंडोज मग स्वतःचीच डिस्क ओळखत नाही. बिघाड एवढाच होता. काम चालू असताना कुणीतरी भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं होतं. आणि तारीख चुकीची असली तरी घड्याळ तेव्हा शून्यापासून सुरू होऊन इमानानं चाललं होतं. तिनं उलटा हिशेब केला. दुपारचे बारा. संदेश तेव्हा ओसरीवर जेवत होता.

"आजी, दुपारी लाईट गेलती का?"

"लाईट कशाला जातीया?" रंगूबाई म्हणाली. "बाराला थ्री फेज आली तेवढी."

पॉलीहाऊस रानात होतं. रानातल्या मोटारींना लागणारी थ्री फेज दुपारी यायची आणि संध्याकाळी जायची. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम गुरगुरू लागायच्या, ती गेली की एकदम गप्प व्हायच्या, आणि दोन्ही वेळा घरातल्या विजेला असा हिसका बसायचा की बल्ब तडतडून लख्ख पेटायचा. अशा वेळी रानातलं प्रत्येक घर आधी बोर्डाकडं धावतं.

"आमच्यात वळण हाय," रंगूबाई कौतुकानं सांगू लागली. "मागं एकदा थ्री फेज आली आन् सूनबाईनं बटण बंद केलं न्हाय. फ्रिज जळला, टीव्ही जळला. मग माज्या लेकानं दावलं तिला चौदावं रत्न. मनगाट मोडलं. इंदापूरवनं बाप आला, घिऊन गेला, आन् त्योच चार दिसांनी माघारी आणून सोडून गेला. म्हणला, नांदती लेक बरी. तवाधरनं बघ, मोटारींचा आवाज बदलला का हिचा हात आपसुक बोर्डावर. सांगाय लागत न्हाय."

म्हातारी हसली आणि लसणाची पुढची कुडी घेतली. आपण काय बोललो हे तिच्या गावीही नव्हतं.

दारात राजलक्ष्मी उभी होती. रणजितची बायको. दुपारपासून फॉगरचा कॉक हातानं फिरवून तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं. सासूचं बोलणं तिनं ऐकलं होतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन टेबलापाशी आली आणि तो ठेवताना वाकून पुटपुटली, "मला कळायच्या आत हात गेलता, ताई."

"मग गप का बसलात?" रोहिणीनं दातांतूनच विचारलं. "माझ्या भावाची करंगळी मोडली त्यानं. तुमी बघत हुता."

"बघत हुते," राजलक्ष्मी म्हणाली. "तोंडच उघडंना."

रोहिणीला तिची दया यायला हवी होती. आली नाही. संताप आला. हिच्यापायी तो मार खातोय आणि ही तांबे भरतेय! मग तिची नजर तांब्यावरच्या हाताकडं गेली. मनगट जुळलं होतं, पण वाकडं जुळलं होतं, बाहेरच्या अंगाला गाठ येऊन. तरी संताप गेला नाही. आता तो दोघांवरही होता.

तिनं पिशवीतून नवी बॅटरी काढून बसवली, तारीख नीट केली, डिस्कची जुनी पद्धत परत लावली. मशीन सुरू केलं. ठिपके फिरले, आणि निळ्या पडद्याऐवजी अक्षरं आली. अर्धवट राहिलेलं काम मोडून मशीन आपली जुनी विंडोज परत उभी करत होतं. खाली टक्क्यांचा आकडा हळूहळू चढू लागला.

रणजित आत आला. आकडा बघून त्याचा चेहरा सैल झाला.

"कुणी हात लावू नका," रोहिणी मोठ्यानं म्हणाली. "आता हे मधीच बंद पडलं तर परत उभं राहायचं न्हाय. फॉगरचा प्रोग्रॅमपण जाईल."

"बरं. आता सांग, बिघडवलं कुणी?"

तिनं मेलेली बॅटरी पुढं केली. "हिनं."

रणजितनं ती चिमटीत धरून पाहिली आणि तिच्याच तोंडावर फेकली. "गोळीएवढ्या बॅटरीनं व्हय? मला खुळा समजतीस? भावाला वाचवाय बघतीस." त्यानं फळीवरचा हातोडा उचलला. "आये, खोलीची चावी दे."

रोहिणी दारात आडवी झाली. त्यानं तिचे केस धरले आणि तिला टेबलावर आदळलं. टेबलाची कड कपाळाला लागली आणि गरम रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. एक वाक्य बोललं की संदेशचा हात वाचत होता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं, आणि ती ते बोलणार होती. खोटं कशाला सांगा! राजलक्ष्मीचं काय व्हायचं ते होवो. भाऊ तिचा होता. तिनं तोंड उघडलं.

तेवढ्यात शिवारातल्या मोटारी एकदम गप्प झाल्या. डोक्यावरचा बल्ब तडतडला. संध्याकाळ झाली होती, थ्री फेज गेली होती.

राजलक्ष्मीचा उजवा हात वर गेला होता. बोटं बोर्डाच्या बटणावर होती. तिला स्वतःला ते सगळ्यांच्या मागून कळलं.

रणजितनं तिच्या हाताकडं पाहिलं, मग मशीनकडं, मग परत हाताकडं.

"तू?" तो म्हणाला. "दुपारीबी तूच?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिनं हात खाली घेतला असता आणि डोकं झाकलं असतं. आज तिनं पडद्याकडं पाहिलं. आकडा सत्तरच्या पुढं गेला होता. हात तिथंच राहिला.

"आदी संदेशभाऊंना सोडा," ती म्हणाली.

"काय म्हणलीस?"

"त्यांना सोडा. न्हायतर बटण दाबती. ताईंनी सांगितलं ते तुमी ऐकलं न्हवं का?"

रणजित एक पाऊल पुढं आला. तिनं बोट थोडं दाबलं. बटण कुरकुरलं, पण पडलं नाही. तो होता तिथं थांबला. मिरच्या, फॉगर, सगळं त्या एका बोटाखाली होतं, आणि त्या बोटाला ही शिकवण त्यानंच दिली होती.

"आये, सोड त्याला," तो म्हणाला.

रंगूबाई उठली, मांडीवरचा लसूण जमिनीवर सांडला. कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि भिंतीला धरत संदेश दारात आला. रोहिणीनं त्याला आपल्या मागं घेतलं.

"झालं ना? आता हात काढा बघू," रणजित म्हणाला. ज्या आवाजात तो बँकेच्या साहेबाशी बोलायचा, त्याच आवाजात तो बोलला. "मी काय करत न्हाय. अवं, चुकी हुती माणसाकडनं."

राजलक्ष्मी त्याच्याकडं बघत राहिली. लग्न झाल्यापासून हा आवाज तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. आज तो बटणाच्या वाट्याला आला होता.

मग त्यानं हातोडा फिरवला. तो तिच्या मनगटावर पडला, जुन्या गाठीवरच, आणि ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. पडदा काळा झाला. पण हातोडा पडण्याआधी बटण पडलं होतं. रोहिणीनं ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

रणजितनं पडद्याकडं पाहिलं आणि त्याचं उरलंसुरलं भान गेलं. त्यानं हातोडा पुन्हा उचलला, या खेपेला तिच्या डोक्यावर. रोहिणीनं टेबलाला टेकवलेली कॅबिनेटची पत्र्याची बाजू दोन्ही हातांनी धरली आणि कड पुढं करून त्याच्या कानशिलावर घातली. एकदा. तो गुडघ्यावर आला. दुसऱ्यांदा. तो कॉटला आपटून लसणात आडवा पडला, आणि कानाखालून रक्ताची धार त्याच्या पांढऱ्या सदऱ्यात शिरली. रंगूबाई बोंबलायला लागली.

संदेशनं डाव्या हातानं हातोडा उचलला. रणजितचा उजवा पंजा जमिनीवर पसरला होता. संदेश त्यावर ओणवा झाला, हातोडा वर धरून. रोहिणी त्याला अडवणार होती. मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला अडवायचंच नाही.

"भाऊ, नको," राजलक्ष्मी म्हणाली. मोडका हात पोटाशी धरून ती दारात उभी होती. तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण आवाज ठाम होता. "ती बोटं राहू द्या. उद्या उन्हात कॉक त्यास्नीच फिरवायचाय."

संदेशनं हातोडा टाकला. रणजित पडल्या पडल्या शिव्या देत होता, म्हणजे जिवंत होता. तिघं व्हॅनकडं निघाली. मागून म्हातारी ओरडत होती, "मशीनचं काय? अगं, मशीनचं काय?"

बारामतीत दवाखाना झाला, टाके पडले, तक्रार लिहून झाली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर रोहिणीनं व्हॅन पुन्हा इंदापूर रोडला काढली. पिंपळी आली तेव्हा राजलक्ष्मी दुसऱ्या बाजूला बघत होती. पॉलीहाऊसचा पांढरा कागद उन्हात चमकत मागं पडला.

"मी तुमचं नाव घेणार हुते," रोहिणी म्हणाली. "मोटारी बंद झाल्या म्हणून ऱ्हायलं."

"मला म्हाईत हाय," राजलक्ष्मी म्हणाली. "घ्याय पायजे हुतं. मीच घेत न्हवते."

राजलक्ष्मीचे वडील गेणबा इंदापूरच्या शिवारात पेरूच्या बागेत राहत. ते दारातच उभे होते. लेकीच्या हाताचं प्लॅस्टर बघून त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि परत घातलं. त्यांनी दोघींना आत बसवलं. चहा ठेवला. घर गप्प वाटू नये म्हणून टीव्ही लावला.

"जावयांचं डोकं जरा गरम हाय," ते चुलीपाशी बसून हळूच म्हणाले. "चार दिस जाऊ द्या. मग मीच तुला घिऊन जातो, बाई. चार शब्द बोलतो त्यांच्याशी."

रोहिणीच्या तोंडात शिवी आली. ती म्हाताऱ्याला द्यायचीच म्हणून ती उठली, आणि त्याच वेळी बागेपलीकडची मोटार गुरगुरली, तिच्यामागं दुसरी, तिसरी. थ्री फेज आली. टीव्हीवरचं चित्र थरथरलं.

बोर्ड राजलक्ष्मीच्या शेजारच्या भिंतीवर होता. तिचा हात वर गेला. प्लॅस्टरमधला, मोडलेला, रात्रभर ठणकलेला तोच हात. बोटं प्लॅस्टरात होती, त्यांना बटण सापडेना. प्लॅस्टर बोर्डाच्या लाकडावर खट् करून आपटलं, मग परत खट् करून, आणि वेदनेनं तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हात खाली येईना.

गेणबा बघत राहिले. चहा उतू जाऊन चुलीत पडला.

"राहू दे," ते म्हणाले. ते उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी लेकीचा हात धरून बोर्डावरनं खाली आणला. "राहू दे, बाई. जळंल तर जळू दे."

टीव्ही तसाच चालू राहिला. लेकीचा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि प्लॅस्टरवर कपाळ टेकवलं.

"आन् म्या हिला माघारी नेऊन सोडली," ते म्हणाले.